जनरल सर्जनकडे कधी जावे आणि कसे जावे

तालुक्याच्या गावात किंवा शहरातल्या एखाद्या कॉलनीत ‘सर्जिकल हॉस्पिटल’ अशी पाटी दिसली, की तिथे फक्त ऑपरेशने होतात असे बहुतेकांना वाटते. त्यामुळे ज्याला ऑपरेशनची धास्ती आहे तो त्या पायऱ्या चढतच नाही, आणि जो चढतो तो बहुधा उशिरा चढतो. वस्तुतः सर्जनच्या ओपीडीत येणाऱ्या पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. त्यांना हवा असतो तो निर्णय: या दुखण्याला ऑपरेशन लागेल का, लागणार असेल तर आज, या महिन्यात की सवडीने, आणि केलेच नाही तर काय होईल. सर्जनकडून मिळणारी सर्वांत मोलाची सेवा हीच आहे, असे इतकी वर्षे हे काम करताना माझे ठाम मत झाले आहे. हा निर्णय नीट मिळावा आणि ऑपरेशन ठरलेच तर ते सुरळीत पार पडावे, यासाठी रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, ते पुढे सांगत आहे.

कोणत्या तक्रारी जनरल सर्जनच्या

एमबीबीएसनंतर शस्त्रक्रियेचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एमएस किंवा डीएनबी, केलेला डॉक्टर म्हणजे जनरल सर्जन. पोटातील अपेंडिक्स, पित्ताशय व आतडी, पोटाच्या भिंतीतून बाहेर येणारा हर्निया, मूळव्याध, फिशर व भगंदर, स्तनातील आणि थायरॉइडच्या गाठी, कातडीखालच्या चरबीच्या गाठी, गळवे, अंडकोषात पाणी साठणे म्हणजे हायड्रोसील, पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम, आत वाढलेले नख, अपघाताच्या व भाजल्याच्या जखमा, एवढा मोठा प्रांत त्याच्याकडे येतो. हाडाचे दुखणे अस्थिरोगतज्ज्ञाचे, गर्भाशयाचे स्त्रीरोगतज्ज्ञाचे आणि मुतखडा व प्रोस्टेट यूरोलॉजिस्टचे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘खडा’ आला एवढेच ऐकून रुग्ण धावत येतो, तेव्हा तो खडा पित्ताशयात आहे की मूत्रपिंडात हे रिपोर्टवरून आधी पाहून घ्यावे. दोन्हींचे उपचार आणि डॉक्टर वेगळे आहेत. पाणी भरपूर पिऊन लहान मुतखडा लघवीवाटे पडू शकतो, पित्ताशयातला खडा तसा पडत नाही.

गावाकडे एकच सर्जन यांपैकी बरेच काही पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र एखादे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे सांगून मोठ्या रुग्णालयात पाठवणारा सर्जन अधिक विश्वासार्ह समजावा. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक असतो. तो प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पडताळून पाहण्यात अपमान मानण्याचे कारण डॉक्टरला नाही आणि संकोच करण्याचे कारण रुग्णालाही नाही.

ज्यात तास मोजायचे असतात

काही दुखण्यांत ‘उद्या सकाळी बघू’ हा विचार घातक ठरतो. अपेंडिक्सचे दुखणे बहुतेक वेळा बेंबीभोवती सुरू होते, भूक मरते, एखादी उलटी होते आणि काही तासांत दुखणे पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकून तिथेच टिकते. चालताना किंवा खोकताना तिथे कळ येते, बारीक ताप असतो. सगळ्यांमध्ये हे असेच घडत नाही. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांच्यात चित्र फसवे असते, म्हणून थोडी शंका असली तरी तपासून घ्यावे. अशा वेळी घरी जुलाबाचे औषध किंवा एनिमा देऊ नये, पोट चोळू नये आणि ‘वात धरला’ म्हणून शेकत बसू नये. सुजलेले अपेंडिक्स फुटले की साधे दुखणे जिवावरचे होते.

तशीच घाई पुढील लक्षणांत करावी: पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद होणे व उलट्या होणे, पोट अचानक, सुरी खुपसल्यासारखे दुखून फळीसारखे कडक होणे, जे जठरातील अल्सर फुटल्यावर होते, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही तिन्ही एकत्र येणे, आणि नेहमी आत जाणारा हर्निया कडक, दुखरा होऊन आत न जाणे. यांपैकी काहीही असेल तर फोनवर सल्ला विचारण्यात रात्र घालवू नये. जिथे भूलतज्ज्ञ, सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय चोवीस तास आहे असे जवळचे रुग्णालय गाठावे आणि वाटेत रुग्णाला खाऊ-पिऊ घालू नये. वाहन नसेल तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शेवटचे अन्नपाणी किती वाजता घेतले, हे सोबतच्या माणसाने लक्षात ठेवावे, कारण भूलतज्ज्ञाचा पहिला प्रश्न तोच असतो.

हर्निया आणि पित्ताशय: सवडीने, पण विसरून नव्हे

जांघेतील हर्निया उभे राहिल्यावर, वजन उचलल्यावर किंवा खोकल्यावर दिसतो आणि आडवे झाल्यावर नाहीसा होतो. त्यामुळे तपासणीच्या टेबलावर झोपलेला रुग्ण हमखास म्हणतो, “डॉक्टर, आत्ता नाही दिसत.” सर्जन त्याला उभे करतो, दोन्ही जांघा उघड्या करायला लावतो, स्वतः खाली बसून डोळ्यांच्या रेषेत पाहतो आणि तोंड बाजूला वळवून खोकायला सांगतो. बोटाखाली खोकल्याबरोबर येणारा धक्का लागला की निदान बहुधा तिथेच होते. पुरुषांच्या जांघेतील हर्नियात पुष्कळदा सोनोग्राफीचीही गरज पडत नाही. ही तपासणी करताना लाज वाटणे साहजिक आहे, पण उभे न करता, कपडे न काढता, केवळ रिपोर्ट वाचून ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये असे माझे मत आहे.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागा. गोळीने, मालिशने किंवा पट्ट्याने ती जागा बुजत नाही. पट्ट्याने फुगवटा दाबून धरता येतो, एवढेच. मात्र प्रत्येक हर्नियाला उद्याच ऑपरेशन लागते असेही नाही. प्रौढ पुरुषाच्या जांघेतील लहान, न दुखणाऱ्या हर्नियावर सर्जनच्या देखरेखीखाली थांबता येते. स्त्रियांमध्ये मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा हर्निया अडकण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तो थांबवून ठेवू नये. लहान मुलांचा जांघेतील हर्निया आपोआप बरा होत नाही, त्याचे ऑपरेशन लवकर करावे लागते आणि त्यात जाळी घालत नाहीत. बाळाची बेंबी फुगलेली असेल तर तिथे मात्र थांबणे योग्य असते. चार-पाच वर्षांपर्यंत ती बहुतेक वेळा आपोआप भरून येते. तिच्यावर नाणे बांधण्याची जी पद्धत घरोघरी दिसते तिचा उपयोग नाही, उलट कोवळी कातडी सोलून तिथे जंतुसंसर्ग होतो.

मोठ्या माणसांत कमकुवत जागेवर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी बसवतात. ती एका छेदातून किंवा दुर्बिणीतून बसवता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत दुखणे कमी आणि कामावर परतणे लवकर, पण पूर्ण भूल लागते व खर्च वाढतो. उघड्या पद्धतीत कमरेतून किंवा फक्त त्या जागेपुरती भूल देऊनही काम होते, आणि हृदय अशक्त असलेल्या वृद्धासाठी ते वरदान ठरते. म्हणून ‘दुर्बीण म्हणजे चांगले, उघडे म्हणजे जुनाट’ असा समज करून घेऊ नये. जो सर्जन जी पद्धत सातत्याने करतो, त्याच्या हातून ती चांगली होते.

पित्ताशयातील खड्यांबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आढळतो. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे सापडले, पण रुग्णाला कधी पोटदुखी झालेली नाही, अशा बहुतांश रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. फार मोठा खडा किंवा पित्ताशयाच्या भिंतीत संशयास्पद बदल असे काही अपवाद आहेत, ते सर्जन रिपोर्टवरून सांगतो. याउलट तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध येणारी, पाठीपर्यंत जाणारी आणि तासन्‌तास टिकणारी कळ एकदा येऊन गेली, की ती पुन्हा येण्याची शक्यता दाट असते आणि पित्ताशय काढणे योग्य ठरते. केवळ खडे काढून पित्ताशय ठेवत नाहीत, कारण खडे तिथेच पुन्हा तयार होतात. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय फक्त ते साठवते, त्यामुळे ते काढल्यावर पचन चालू राहते. खडा सरकून पित्तनलिकेत गेला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते, आणि तेव्हा आधी एंडोस्कोपीने तो खडा काढावा लागतो. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती जिल्ह्याच्या गावांतही रोजची झाली आहे. तरीही पोटात फार चिकटलेले आढळले तर सर्जन मधूनच उघडी शस्त्रक्रिया करतो. ते अपयश नसून सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, आणि ही शक्यता घरच्यांनी आधीच ऐकून ठेवावी.

संडासच्या जागेचे दुखणे

या जागेच्या प्रत्येक तक्रारीला लोक मूळव्याध म्हणतात आणि तिथूनच चूक सुरू होते. न दुखता लालभडक रक्ताचे थेंब पडणे किंवा कोंब बाहेर येणे हे मूळव्याधीचे लक्षण. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखी आग आणि नंतर तासभर ठणका, हे फिशर. जवळच वारंवार गळू होऊन फुटणे आणि त्यातून पू झिरपत राहणे, हे भगंदर. पहिल्या दोन्हींत निम्मे काम आहाराने होते: पालेभाज्या, कोशिंबीर, भाकरी, फळे, इसबगोल, पुरेसे पाणी, आणि संडासात मोबाइल घेऊन बसण्याची सवय सोडणे. फिशरसाठी कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसावे आणि सर्जनने दिलेले मलम नियमाने लावावे. ताजे फिशर बहुतेक वेळा याने काही आठवड्यांत भरून येते. सुरुवातीच्या मूळव्याधीला रबर बँड लावण्याचा उपाय ओपीडीतच होतो. मोठे कोंब सतत बाहेर राहू लागले, की शस्त्रक्रियेचा विचार करतात. भगंदराला मात्र गोळ्यांनी कायमचा गुण येत नाही. तिथे शस्त्रक्रिया किंवा आयुर्वेदातील शल्यतंत्राच्या पदवीधर वैद्याकडून क्षारसूत्र, म्हणजे औषधाचे लेप दिलेला दोरा बांधणे, हे खरे उपाय आहेत.

लेसर, स्टेपलर यांच्या जाहिराती सगळीकडे आहेत. योग्य रुग्णात दोन्ही उपयोगी आहेत, पण ‘पुन्हा कधीच होणार नाही’ अशी हमी कोणत्याही पद्धतीत देता येत नाही. बसस्थानकाजवळच्या खोलीत ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये’ असे लिहून बसलेल्यांकडे जाऊन जागा सडवून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तिथे टोचले जाणारे द्रव कोणते, हे पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पंचेचाळिशीनंतर शौचातून रक्त पडू लागले, शौचाची सवय बदलली, वजन घटले किंवा घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास असला, तर मूळव्याध दिसत असूनही कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावी. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच रुग्णात असू शकतात.

गाठी आणि मधुमेहाचा पाय

स्तनात गाठ लागली की ती दुखत नाही म्हणून स्त्रिया गप्प राहतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. सर्जनने हाताने तपासणे, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तिथे जाड सुईने तुकडा काढून तपासणे, अशा तीन पायऱ्यांनी गाठीचे निदान होते. बहुसंख्य गाठी साध्या निघतात. पण सुईची तपासणी न करताच ‘आधी गाठ काढून टाकू, मग बघू’ असे कोणी म्हणाले तर थांबावे, कारण ती गाठ कॅन्सरची निघाली तर पुढच्या शस्त्रक्रियेचे नियोजन बिघडते. घरातील पुरुषांनी या बाबतीत बाईला एकटे पाठवू नये, तिच्याबरोबर जावे. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका किंवा नातेवाईक हजर असणे हा तिचा हक्क आहे.

कातडीखालची मऊ, हलणारी, वर्षानुवर्षे तेवढीच राहिलेली चरबीची गाठ त्रास देत नसेल तर काढण्याची गरज नाही. वाढणारी, कडक होणारी गाठ दाखवावी.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पायाचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात, दिसत नसतील तर आरसा खाली धरावा. संवेदना कमी झालेल्या पायात काटा किंवा चपलेचा खिळा घुसला तरी कळत नाही. फोड, काळा डाग, वास किंवा सूज दिसली की त्याच दिवशी सर्जनकडे जावे. भोवरी ब्लेडने घरी कापण्यातून सुरू झालेले दुखणे पाय कापण्यापर्यंत गेल्याची उदाहरणे प्रत्येक सर्जनकडे आहेत.

पहिल्या भेटीला जाताना

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. ‘एक पांढरी, एक गुलाबी’ या वर्णनावरून औषध ओळखता येत नाही. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथी, पावडरी हेसुद्धा सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, झटका, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधीच्या भुलेत झालेला त्रास, दारू, तंबाखू आणि बायकांच्या बाबतीत मशेरी, यातले काही लपवू नये. सुनेसमोर किंवा मुलासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने बोलायचे आहे असे सांगावे.

ऑपरेशन सुचवले गेले तर तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: न केल्यास काय होईल, दुसरा कोणता पर्याय आहे, आणि हे ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का. तातडी नसेल तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे. त्यासाठी कागद व फिल्म मागून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

खर्च, योजना आणि विमा

पैशांचे बोलणे ऑपरेशनच्या आधी आणि शक्यतो लेखी व्हावे. अंदाजपत्रकात खोली, ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधे, जाळी किंवा स्टेपलरसारखे साहित्य आणि पॅथॉलॉजीची तपासणी हे वेगवेगळे लिहून घ्यावे, कारण शेवटी वाद होतो तो बहुधा ‘साहित्य वेगळे’ या दोन शब्दांवर. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम 2021 मध्ये सुधारले गेले आणि त्यानुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर मागावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांना, प्रतिकुटुंब वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत लागू झाले आहे. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात योजनेतून होत नाही, काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि यादी बदलत असते, म्हणून दाखल होण्याच्या आधीच विचारावे. पैसे भरून झाल्यावर योजना लावण्याची धडपड सहसा फळत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. तिथे हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स यांची ऑपरेशने नियमित होतात. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत हायड्रोसीलच्या रुग्णांनी आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. गोव्यातील वाचकांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना हे मार्ग आहेत.

खासगी विमा असेल तर पॉलिसी घेऊन किती काळ झाला ते पाहावे. हर्निया, मूळव्याध, पित्ताशयाचे खडे यांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षे संरक्षण नसते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडून वरची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत फक्त भाड्यातला फरकच नव्हे, तर बिलाच्या इतर बाबींतूनही त्याच प्रमाणात रक्कम कापली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. उशीर होत असेल तर विमा कंपनीला हाच नियम दाखवावा.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

रक्त, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, ईसीजी आणि वयानुसार भूल व ऑपरेशन झेपेल असा फिजिशियनचा दाखला (फिटनेस) एवढे बहुधा लागते. एचआयव्हीची तपासणी करण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी लागते, तसा 2017 चा कायदा आहे. तंबाखू, विडी, मशेरी जितकी आधी सुटेल तितके चांगले, किमान चार आठवडे आधी सुटली तर जखम भरणे आणि श्वास दोन्ही सुधारतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे गोळीगणिक आणि रुग्णागणिक वेगळे असते. हृदयात स्टेंट असलेल्याने तर त्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम करावा. रक्तदाबाची गोळी बहुधा त्या दिवशी पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

उपाशी राहण्याचा नियम नीट समजून घ्यावा. साधे जेवण सहा तास, तळलेले किंवा मटणाचे जेवण आठ तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, असा प्रघात आहे. आपल्याकडे फसगत होते ती चहाने. दुधाचा चहा हे पाणी नसून अन्न आहे, आणि पहाटे आजीने प्रेमाने पाजलेल्या अर्ध्या कपामुळे ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. हे टाळायचे कारण असे, की भूल दिल्यावर जठरातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. भूलतज्ज्ञाने वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळावी.

आदल्या दिवशी आंघोळ करावी, पण ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमा होऊन जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नखांचे पॉलिश काढावे, बोटांच्या टोकांना नवी मेंदी लावू नये, कारण बोटाला लावलेले ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र त्यातून नीट वाचत नाही. मंगळसूत्र, जोडवी, नथ, कमरेचा करदोडा आणि कवळी काढून घरच्यांकडे द्यावी. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर नर्सला तसे सांगावे. बहुतेक ठिकाणी मनगटाला पवित्र दोरा किंवा हळकुंड बांधून घेण्यावर तोडगा निघतो, पण धातू अंगावर राहू नये.

संमती आणि ऑपरेशनचा दिवस

संमतीपत्र म्हणजे सह्या करण्याचा कागद असे समजून घाईने उरकू नये. ते मराठीत असावे, ऑपरेशनचे नाव व बाजू लिहिलेली असावी, आणि रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नये. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची सही त्याचीच लागते, नवऱ्याची किंवा मुलाची पुरत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती मोठ्या ऑपरेशनला लागू होत नाही, जिवाला तत्काळ धोका असेल तेवढाच त्याला अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे.

भूलतज्ज्ञाला आधी भेटायला मिळावे असा आग्रह धरावा. ‘कमरेत इंजेक्शन घेतले की जन्मभर पाठ दुखते’ या भीतीमुळे पुष्कळ जण योग्य भूल नाकारतात. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते, क्वचित डोकेदुखी होते आणि तिच्यावर उपाय आहे.

थिएटरमध्ये नेण्यापूर्वी नाव, ऑपरेशन आणि बाजू वारंवार विचारतात, त्याने वैतागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली आणलेल्या सुरक्षा यादीत हेच आहे. ज्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेत गेले, त्या डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली, आणि आठ देशांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. हर्निया उजवा असेल तर शुद्धीवर असतानाच त्या बाजूला पेनने खूण करून घ्यावी. खूण केली नसेल तर रुग्णानेच विचारावे.

घरी आल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नये. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लागावे. अंथरुणाला खिळून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त साकळते आणि छातीत कफ साठतो. खोकताना उशी पोटाशी धरावी. जड वजन किती आठवडे उचलायचे नाही हे ऑपरेशनगणिक विचारून घ्यावे. शेतकऱ्याने पोते आणि गृहिणीने पाण्याची कळशी असे नाव घेऊनच विचारावे, कारण ‘हलके काम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा निघतो.

भात, दही, डाळ, आंबट बंद, नाहीतर जखम पिकते, हा समज घराघरांत घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. जखम भरायला प्रथिने लागतात. वरण, उसळ, अंडी, दूध, दही, चालत असेल तर मासे-चिकन द्यावे. आठवडाभर रव्याची पेज खाऊन रुग्ण अशक्त होतो आणि टाके भरायला वेळ लागतो. मधुमेहींनी फक्त साखर काटेकोर ठेवावी. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नये. टाके बहुधा सात ते दहा दिवसांत काढतात.

ताप, वाढत जाणारे दुखणे, जखमेभोवती लाली, पू किंवा वास, पोट फुगणे, न थांबणाऱ्या उलट्या, डोळे पिवळे होणे, पोटरी सुजून दुखणे किंवा दम लागणे, यांपैकी काही झाले तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये. ज्याने ऑपरेशन केले त्यालाच आधी फोन करावा. आपल्या ऑपरेशनचा तपशील त्याला ठाऊक असतो. तो भेटला नाही तर डिस्चार्ज कार्ड घेऊन दुसऱ्या रुग्णालयात जावे.

काढलेला अवयव किंवा गाठ घरच्यांना दाखवतात, आणि ती बघून सगळे निःश्वास सोडतात. पण खरे काम त्यानंतर आहे. तो नमुना फॉर्मॅलिन भरलेल्या बरणीत, रुग्णाचे नाव लिहून, पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे. पित्ताशय, अपेंडिक्स, स्तनातील किंवा थायरॉइडची गाठ, आतड्याचा तुकडा यांची तपासणी करून घ्यावीच. पित्ताशयात किंवा अपेंडिक्समध्ये क्वचित न जाणवलेला कॅन्सर सापडतो आणि तो याच रिपोर्टमध्ये पहिल्यांदा दिसतो. काही ठिकाणी बरणी नातेवाइकांच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पोहोचवायला सांगतात. ती घरी फडताळात ठेवून देऊ नये, त्याच दिवशी पोहोचवून पावती घ्यावी. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोपर्यंत टाके निघालेले असतात आणि रुग्ण बरा असतो, म्हणून तो आणायचाच राहून जातो. टाके काढण्याच्या दिवशी रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून तारीख लिहून घ्यावी, तो सर्जनला दाखवावा आणि डिस्चार्ज कार्ड व ऑपरेशनच्या टिपणासह एकाच फायलीत ठेवावा. आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. ही मागणी लेखी अर्जाने करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.